उसना श्वास

जुन्या वस्तू सांभाळणाऱ्या माणसांचे दोन पंथ असतात. पहिल्या पंथाची माणसे वस्तू जशी होती तशीच राहावी म्हणून धडपडतात. आजोबांच्या घड्याळाचा काटा मोडला तर ते घड्याळ बंद पडू देतील, पण दुसऱ्या घड्याळाचा काटा त्याला लावणार नाहीत. दुसऱ्या पंथाची माणसे वस्तू चालती राहावी म्हणून धडपडतात. टिकटिक ऐकू आली आणि वेळ बरोबर कळली की त्यांचे समाधान होते; मग काटा आजोबांचा असो की शेजाऱ्याचा. या दोन पंथांचे वैर शैव-वैष्णवांच्या वैराइतके तरी जुने असावे, आणि विधात्याची लीला अशी की दोन पंथांची माणसे बहुधा एकमेकांशी लग्ने करतात.

आमच्या घरी पहिल्या पंथाची गादी माझ्याकडे आहे. दुसऱ्या पंथाची अर्थातच सौभाग्यवतीकडे. माझ्या आईच्या शिवणयंत्राला तिने विजेची मोटर बसवून घेतली, तेव्हा मी दोन दिवस अबोला धरला होता. त्या यंत्रावर शिवलेल्या अभ्र्यांवर मी रोज निर्धास्त झोपतो, ही गोष्ट वेगळी.

ही वृत्ती रक्तातच असावी. कारण सौभाग्यवतीचा धाकटा भाऊ याच पंथाचा, आणि बहिणीपेक्षा अधिक कडवा. तो १९९८ पासून बर्मिंगहॅमला असतो. यंत्रांची हत्यारे करण्याचा त्याचा व्यवसाय. २०२४ च्या उन्हाळी सुट्टीत आम्ही उभयता तीन आठवडे त्याच्याकडे राहून आलो. बर्मिंगहॅमहून शेक्सपिअरचे गाव फार लांब नाही. मराठीच्या प्राध्यापकाने करावयाची ती यात्रा मी यथासांग केली. पण खरे सांगायचे तर त्या तीन आठवड्यांतला माझा बराचसा काळ मेहुण्याच्या गॅरेजात, एका उलट्या बादलीवर बसून गेला. तेथे एका जुन्या मोटारीला मोटारसायकलचे कार्ब्युरेटर बसवण्याचे काम चालले होते.

मोटार होती फोर्ड एस्कॉर्ट, १९७२ सालची, तेराशे सीसीची. ती मेहुण्याची नव्हे, शेजारच्या आजोबांची. मेहुणा परदेशात नवा असताना याच आजोबांनी त्याला हाताशी धरले. बर्फात मोटार कशी चालवावी, इथपासून कानस कशी धरावी इथपर्यंत सारे शिकवले. इंजिनिअरिंगची पदवी घेतलेल्या माणसाला कानस धरायला शिकवणारा गुरू भेटणे हे भाग्यच म्हटले पाहिजे. आजोबांचे आयुष्य कारखान्यात गेले होते. तरुणपणी ते मोटारसायकलींच्या एका कारखान्यात होते. तो १९७०-७५ च्या दरम्यान बंद पडला आणि ऐन पस्तिशीत, दोन मुले पदरात असताना, ते घरी बसले.

त्या काळाचा इतिहास थोडा सांगितला पाहिजे. बर्मिंगहॅम आणि त्याच्या आसपासचा मुलूख म्हणजे इंग्रजी मोटारसायकलींचे माहेरघर. बीएसएचा स्मॉल हीथचा प्रचंड कारखाना याच शहरातला. १९६९ साली होंडाने सीबी ७५० ही गाडी बाजारात आणली. चार सिलिंडर, आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कार्ब्युरेटर. बटण दाबले की सुरू होणारी, आणि उभी असता खाली तेलाचे थारोळे न सांडणारी. इंग्रजी कारखान्यांचे दिवस आधीच भरत आले होते; त्यांत ही भर पडली. १९७३ मध्ये बीएसएचा मोटारसायकलींचा धंदा दुसऱ्या कंपन्यांत विलीन झाला, आणि त्या मुलखात हजारो हातांचे काम गेले.

आजोबांनी पुढे दुसरीकडे नोकरी केली, मुले मोठी केली, पण जपानी वस्तू उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. मेहुण्याने एकदा जपानी मोटार घेतली, तर ती आपल्या फाटकासमोर उभी करू नये, असे त्यांनी सभ्य शब्दांत सुचवले. २०२१ साली ते वारले. त्यांची एस्कॉर्ट त्यापूर्वीच दोन-तीन वर्षे बंद होती. आजीबाईंनी किल्ली मेहुण्याच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, “ही विकू नकोस. आणि जमलं तर एकदा सुरू करून मला आवाज ऐकव.”

इंजिन तपासले तेव्हा ते ठणठणीत निघाले. दुखणे होते नाकाचे, म्हणजे कार्ब्युरेटरचे. त्यातील झडपेचा दांडा झिजून आपल्या भोकात खुळखुळत होता, आणि त्या फटीतून नको तेवढी हवा आत शिरत होती. त्यात २०२१ पासून ब्रिटनमधील साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल येऊ लागले आहे. पन्नास वर्षांपूर्वीच्या रबराला ते मानवत नाही. मेहुण्यापुढे तीन मार्ग होते. एक म्हणजे तोच कार्ब्युरेटर दुरुस्त करणे. दुसरा, इटालियन वेबरच्या दुहेरी कार्ब्युरेटरांची जोडी घेणे. पण ती मॅनिफोल्डसकट हजार पौंडांच्या पुढे जाते. तिसरा मार्ग तिकडच्या हौशी मंडळींत बराच रुळलेला: भंगारातल्या मोटारसायकलचे चार कार्ब्युरेटर आणून बसवणे. नव्या शतकाच्या सुरुवातीला मोठ्या मोटारसायकलींना पेट्रोलची पिचकारी मारणारी इंजेक्शनची व्यवस्था आली, आणि उत्तम प्रतीचे कार्ब्युरेटर भंगारवाल्यांकडे येऊन पडले.

मेहुण्याने तिसरा मार्ग धरला. शंभर-सव्वाशे पौंडांत चार कार्ब्युरेटरांची एक अखंड पट्टी आणली. गाडी कोणती? होंडा फायरब्लेड!

मी म्हटले, “अरे, आजोबांच्या गाडीला होंडाचं नाक? तो मनुष्य थडग्यात कूस बदलेल.”

“भावोजी,” तो म्हणाला, “हे नाक मूळचं कुठलं आहे ते आधी ऐका. मग बोला.”

ते ऐकण्यापूर्वी कार्ब्युरेटर करतो काय, हे समजून घेतले पाहिजे. पेट्रोल द्रवरूपात नीट जळत नाही. त्याचे तुषार करून ते हवेत मिसळावे लागते. मिसळण्याचे प्रमाणही ठरलेले आहे. वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा. म्हणजे एक किलो पेट्रोल जाळावयाचे तर बारा हजार लिटरांहून अधिक हवा हवी. इंजिनातला दट्ट्या खाली जातो तेव्हा तो हवा ओढतो. ती हवा एका अरुंद गळ्यातून वेगाने जाते. वेगामुळे तेथील दाब उतरतो आणि एका बारीक छिद्रातून पेट्रोल वर खेचले जाते. लहानपणी आपण नळीने फुंकर मारून रंगाचे तुषार उडवीत असू, त्याचाच हा थोरला भाऊ.

अडचण अशी की इंजिनाची भूक सारखी बदलते. सिग्नलपाशी ते हळू श्वास घेते, घाटात धापा टाकते. गळा एकाच मापाचा ठेवला तर तो मोठ्या श्वासाला अरुंद पडतो किंवा लहान श्वासाला रुंद. या अडचणीवर १९०५ साली जॉर्ज हर्बर्ट स्किनर नावाच्या इंग्रजाने एक तोडगा काढून त्याचे पेटंट घेतले. त्याने गळाच लहानमोठा होणारा केला. इंजिनाने जास्त हवा ओढली की त्या ओढीनेच एक दट्टा वर उचलला जातो, वाट रुंद होते. त्या दट्ट्याला लटकलेली निमुळती सुई त्याच बेताने पेट्रोलच्या छिद्रातून वर सरकते आणि पेट्रोल वाढते. ओढ कमी झाली की दट्टा खाली, सुई खाली, पेट्रोल कमी. पायाने आपण दाबतो ती झडप निराळी. आपण फक्त दार उघडतो. किती वाढायचे ते जेवणाराच्या भुकेवर ठरते. आग्रह करकरून वाढणाऱ्या आणि हात आखडणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या यजमानांनी हा कार्ब्युरेटर एकदा पाहावा.

या स्किनरचे घराणे जोड्यांच्या व्यापारातले. लंडनची ‘लिली अँड स्किनर’ ही जोड्यांची प्रसिद्ध पेढी त्यांचीच. त्यामुळे त्याने दट्टा उचलण्यासाठी सुरुवातीला काय वापरले असेल? चामड्याचा भाता! पुढे भात्याच्या जागी धातूचा दट्टा आला. ‘स्किनर युनियन’ हे त्या कार्ब्युरेटरचे नाव, आणि लोक त्याला एसयू म्हणू लागले. १९२६ मध्ये विल्यम मॉरिसने ती कंपनी विकत घेतली आणि कारखाना बर्मिंगहॅमला आणला. हा तोच मॉरिस, ज्याच्या नावाच्या ऑक्सफर्ड मोटारीवरून आपली अ‍ॅम्बॅसडर झाली आणि २०१४ पर्यंत उत्तरपाड्याच्या कारखान्यातून बाहेर पडत राहिली.

“आणि हे बघा,” असे म्हणून मेहुण्याने होंडाच्या एका कार्ब्युरेटरचे झाकण उघडले. आत एक हलका दट्टा, त्याला लटकलेली निमुळती सुई, आणि वर पातळ रबराचा पडदा. इंजिनाने ओढले की पडदा फुगतो, दट्टा उचलतो. “स्किनरची युक्ती. १९६५ साली होंडाने सीबी ४५० गाडीला याच तत्त्वाचे कार्ब्युरेटर लावले. चामड्याच्या भात्याच्या जागी फक्त रबर आलं. मिकुनी नावाची दुसरी जपानी कंपनी आहे, तीसुद्धा बर्मिंगहॅमच्या अमल कंपनीच्या परवान्यावर कार्ब्युरेटर करायला शिकली. आता सांगा, ही परक्या घरची वस्तू की सासरी नांदून माहेरी आलेली लेक?”

मी निरुत्तर झालो असे मुळीच नाही. एखाद्या वस्तूचे गोत्र जुळले म्हणून ती आपोआप घरात रुळते असे नसते. पण ही शंका मी बोलून दाखवण्याची गरज पडली नाही. पुढल्या पंधरा दिवसांत त्या वस्तूनेच ती दाखवून दिली.

पहिला प्रश्न होता: हे कार्ब्युरेटर पुरे पडतील का? फायरब्लेड १९९२ सालची, ८९३ सीसीची. म्हणजे एका सिलिंडरचे माप सुमारे २२३ सीसी. तर एस्कॉर्टचे सुमारे ३२४. लहान मुलाचे नाक थोराच्या चेहऱ्याला लावल्यासारखे ते वाटते. पण मेहुण्याने बादलीवरच खडूने हिशेब मांडून दिला. सिलिंडर दर दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेतो. मोटारसायकलचे इंजिन मिनिटाला दहा हजार फेरे सहज घेते, म्हणजे पाच हजार श्वास. एकेका सिलिंडरला अकराशे लिटरांच्या वर हवा. एस्कॉर्टचे इंजिन सहा हजार फेऱ्यांनी थकते. तीन हजार श्वास, सुमारे ९७० लिटर. तेव्हा मोटारसायकलचा ३८ मिलिमीटरचा गळा मोटारीला अपुरा तर नाहीच, थोडा ऐसपैसच आहे.

दुसरा प्रश्न सांध्याचा. तो मात्र खडूने सुटणारा नव्हता. एस्कॉर्टच्या या इंजिनाला ‘क्रॉसफ्लो’ म्हणतात. हवा एका बाजूने आत येते आणि धूर समोरच्या बाजूने बाहेर जातो. हवेची चार स्वतंत्र द्वारे आहेत, ही सोयीची गोष्ट. पण त्या द्वारांमधले अंतर आणि कार्ब्युरेटरांच्या पट्टीतले अंतर यांचा मेळ नाही. मोटारसायकलचे सिलिंडर दाटीवाटीने बसलेले असतात; मोटारीचे ऐसपैस. मग मेहुण्याने अ‍ॅल्युमिनियमची जाड पट्टी कापली, तिला इंजिनाच्या द्वारांप्रमाणे छिद्रे पाडली, त्यांवर चार नळ्या किंचित वाकवून जोडून घेतल्या, आणि नळी व कार्ब्युरेटर यांच्यामध्ये रबरी बाही चढवली. नळ्यांचा कलही असा ठेवावा लागतो की कार्ब्युरेटरचे पेट्रोलचे भांडे जवळजवळ सपाट राहील. नाहीतर आतला फ्लोट वाकडा तरंगतो आणि पेट्रोलची पातळी चुकते.

येथे माझ्यातला व्याकरणाचा मास्तर जागा झाला. मराठीत बाहेरून शब्द आला तर त्याला नुसता प्रत्यय चिकटवून भागत नाही. ‘बटाटा’ पोर्तुगिजांबरोबर आला. पण आपण ‘बटाटाची भाजी’ करीत नाही, ‘बटाट्याची’ करतो. ‘तारीख’ अरबी-फारसीतून आली. पगार मात्र ‘तारखेला’ होतो. शब्द आणि प्रत्यय यांच्यामध्ये जे थोडे वाकणे असते, त्याला आपण सामान्यरूप म्हणतो. मेहुण्याच्या चार वाकड्या नळ्या हे कार्ब्युरेटरचे सामान्यरूपच होते. मी हे त्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, “शाळेत असं शिकवलं असतं तर मी व्याकरणात नापास झालो नसतो.”

एका शनिवारी सकाळी पहिला प्रयोग झाला. मेहुण्याने किल्ली फिरवली, आणि इंजिन सुरू होण्याऐवजी कार्ब्युरेटरांच्या तोंडातून पेट्रोल ओघळू लागले. किल्ली ताबडतोब बंद. गॅरेजचे दार सताड उघडे होते आणि अग्निशामक नळकांडे हाताशी होते, हे बरे. हे काम ज्याला करावयाचे असेल त्याने या दोन गोष्टी आधी जमवाव्या आणि मग पाना उचलावा. कारण सोपे होते. मोटारसायकलच्या कार्ब्युरेटरला पेट्रोलचा दाब थोडाच सोसतो. दर चौरस इंचाला दोन-अडीच पौंड. मोटारीचा पंप साडेतीन ते पाच पौंडांनी ढकलतो. पेट्रोल अडवणारी इवलीशी सुई त्या रेट्यापुढे टिकत नाही. दाब उतरवणारा रेग्युलेटर वाटेत बसवला, तेव्हा गळती थांबली.

दुसऱ्या प्रयोगात इंजिन सुरू झाले, पण आजारी माणसासारखे. मंद गतीत फुरफुरत होते, आणि पाय दाबला की मध्येच दम तुटत होता. मोटारसायकलवर या कार्ब्युरेटरांना एका मोठ्या बंद पेटीतून हवा मिळते. येथे ती पेटी नाही. श्वासाची लय वेगळी, नळ्यांची लांबी वेगळी. त्यामुळे पूर्वीच्या छिद्रांतून येणारे पेट्रोल कमी पडत होते. पेट्रोलच्या छिद्राला जेट म्हणतात. पितळेचा चिमुकला तुकडा, त्यावर मापाचा आकडा. मेहुण्याने एक-दोन आकडे मोठे जेट घालावेत, फेरी मारून यावे, स्पार्क प्लग काढून त्याचा रंग पाहावा, आणि पुन्हा बदलावेत. प्लग काजळला तर पेट्रोल जास्त. पांढरा पडला तर कमी. कमी पेट्रोलवर इंजिन तापते आणि पुढे दट्ट्याला भोकही पडू शकते. भाजलेल्या बिस्किटासारखा रंग आला की साधले. हल्ली धुराच्या नळीत प्राणवायू मोजणारे यंत्र बसवून प्रमाण थेट आकड्यात वाचता येते. पूर्ण जोर लावताना साडेबारा-तेरा भाग हवा, एरवी चौदाच्या पुढे. मेहुण्याकडे ते यंत्र होते. पण आधी प्लगचा रंग पाहून तो आकडा सांगायचा आणि मग यंत्राकडे वळायचा. “आजोबांची शिकवण,” तो म्हणाला. पाचव्या खेपेला जेट जमले.

उरले होते चौघांना एका सुरात आणणे. एक कार्ब्युरेटर जास्त उघडा आणि दुसरा कमी, असे झाले तर मंद गतीत इंजिन लंगडते. पट्टीवर त्यासाठी तीन स्क्रू असतात. एका कार्ब्युरेटरला प्रमाण मानावयाचे आणि बाकीच्यांना त्याच्याशी जुळवावयाचे. पोकळी मोजणारी चार घड्याळे लावून हे करतात. पण जुने कारागीर एक साधी रबरी नळी घेत. एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, दुसरे कानाशी. आत जाणाऱ्या हवेचा ‘सूंऽऽ’ असा आवाज येतो, आणि चौघांचा आवाज सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवावयाचे. मेहुण्याने नळी माझ्या हाती दिली. “भावोजी, तुम्ही वर्गात मात्रा मोजता ना? सांगा, कोणता चरण चुकतोय.”

वीस वर्षे वृत्ते आणि जाती शिकवल्याचा असा उपयोग होईल असे विद्यापीठाच्या अभ्यासमंडळालाही वाटले नसेल. मी एकेक तोंड ऐकत गेलो. पहिले आणि दुसरे सारखे; चौथेही जवळपास तसेच; तिसऱ्याचा आवाज जाड. मेहुण्याने स्क्रू अर्धा पाव फिरवला, मी ऐकले. पुन्हा फिरवला, पुन्हा ऐकले. मग घड्याळे लावून पाहिली. चारी काटे एका जागी होते. इंजिन असे काही चालू लागले की त्या आवाजात वेगळे चार आवाज उरले नाहीत.

आता खरा प्रश्न उभा राहिला. आजीबाईंना बोलवावयाचे, हे ठरलेलेच होते. पण बॉनेट उघडायचे की नाही? मेहुण्याने दोन दिवस तो विषय टाळला. तो म्हणाला, “आवाज ऐकवू. त्यांनी आवाज मागितला आहे, आत काय आहे ते मागितलेलं नाही.” सौभाग्यवती, जी एरवी सर्व बदलांची कैवारी, ती यावेळी ठाम होती. “ज्या घरात पन्नास वर्षं एक गोष्ट आली नाही, ती चोरून आणायची नाही. सांगून आणायची. त्या नको म्हणाल्या तर काढून ठेवायची.”

काढून ठेवता येत होती, हे या साऱ्या उद्योगाचे मर्म. मेहुण्याने मूळ इंजिनाला एक नवे भोक पाडले नव्हते, की कोठे कानस चालवली नव्हती. जुना कार्ब्युरेटर, त्याचा मॅनिफोल्ड, पेट्रोलची नळी, अगदी जुने नट-बोल्टसुद्धा, तेलाच्या फडक्यात गुंडाळून, चिठ्ठी लावून पेटीत ठेवले होते. एका दुपारच्या कामात मोटार पूर्ववत झाली असती. माझ्या पंथाच्या माणसाला त्या पेटीने जेवढे शांत केले, तेवढे स्किनरच्या पेटंटने केले नव्हते.

आजीबाई आल्या. इंजिन सुरू झाले. त्या काही वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “हा आवाज तिचा नाही. तिचा आवाज खोकल्यासारखा होता. हा बरा झालेल्या माणसाचा आहे.” आणि बॉनेटकडे बोट करून, “उघड.”

मेहुण्याने उघडले आणि सारे सांगितले: कोणत्या गाडीचे, कोणत्या देशाचे, आणि जुने कोठे ठेवले आहे. कार्ब्युरेटरच्या अंगावर ठसठशीत अक्षरांत ‘केहिन’ असे जपानी कंपनीचे नाव होते. त्यांनी चष्मा काढून ते वाचले.

“तो असता तर तुला शिव्या दिल्या असत्या,” त्या शांतपणे म्हणाल्या. “आठवडाभर बोलला नसता. आणि मग रात्री, तू झोपल्यावर, बॅटरी घेऊन बघून गेला असता. सांधे कसे केलेस ते.” थोडे थांबून म्हणाल्या, “सांधे चांगले आहेत. राहू दे.”

हा वृत्तांत वाचून आपल्याकडे कोणाला जुन्या फियाटवर असा प्रयोग करण्याची हुक्की आली तर दोन शब्द सांगणे माझे कर्तव्य आहे. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या आणि मोठा फेरफार न झालेल्या मोटारींना वार्षिक तपासणीतून २०१८ पासून सूट आहे, आणि असा बदल विमा कंपनीला कळवावा लागतो. मेहुण्याने तो कळवला. आपल्याकडे कायदा अधिक कडक आहे. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील वाहनाची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसला पाहिजे. तेव्हा पाना उचलण्यापूर्वी परिवहन कार्यालयात जाऊन विचारावे, आणि मूळचे सामान कधीही भंगारात देऊ नये. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. घराघरांतून ज्या फियाट उरल्या आहेत, त्यांचे सुटे भाग आता दुकानात कमी आणि माळ्यावर जास्त सापडतील. एप्रिल २०२० च्या प्रदूषणनियमांनंतर आपल्या नव्या दुचाकींतूनही कार्ब्युरेटर जवळजवळ गेला. दिवाळीच्या साफसफाईत कोणी वडिलांच्या स्कूटरचा कार्ब्युरेटर बाहेर काढला असेल, तर तो रॉकेलने पुसून पुन्हा आत ठेवावा.

माझे पंथांतर झाले का, असे सौभाग्यवती अधूनमधून विचारते. झालेले नाही. पण जुन्या वस्तूला उसने अंग लावणाऱ्याला मी आता दोन प्रश्न विचारतो: सांधा कसा केलास, आणि जुने कोठे ठेवलेस? या दोहोंची उत्तरे ज्याच्यापाशी आहेत, त्याच्याशी माझे भांडण नाही.

२०२४ च्या दिवाळीत मेहुण्याचा फोन आला. पाडव्याला तो आजीबाईंना एस्कॉर्टमधून टिव्हिडेलच्या बालाजी मंदिरात घेऊन गेला होता. जाताना त्याने मोटार चालवली. येताना त्या म्हणाल्या, “सरक तिकडे.” आणि त्यांनी चालवली. सौभाग्यवतीने विचारले, “मग? काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, पेट्रोल जरा जास्त खाते. तो असता तर एक आकडा लहान जेट घातला असता.”

“मग?”

“घातला,” मेहुणा म्हणाला. “त्यांचंच बरोबर होतं.”